पडलं की पाडलं? फ्रान्समधलं ले बो गाव आणि त्याचा गड



भूगोलात खनिजांचा धडा आला की मुलं "लोहखनिज, मँगनीज, बॉक्साइट" अशी यादी घडाघडा म्हणून दाखवतात. बॉक्साइटपासून ॲल्युमिनियम मिळतं आणि आपल्या राज्यात ते कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड अशा जिल्ह्यांत सापडतं, एवढं लिहिलं की गुण मिळतात. पण 'बॉक्साइट' हा शब्द आला कुठून, असं विचारणारं मूल वर्गात एखादंच निघतं. त्याचं उत्तर मात्र फार मजेशीर आहे. हा शब्द एका गावाच्या नावावरून आला. ते गाव दक्षिण फ्रान्समध्ये एका उंच खडकावर वसलेलं आहे आणि त्याच्या डोक्यावर एक मोडका गड आहे. आज त्याच गावाची आणि गडाची ओळख करून घेऊ.

गावाचं पूर्ण नाव ले बो-द-प्रोव्हान्स. फ्रेंच स्पेलिंगमध्ये 'बो'च्या शेवटी एक्स हे अक्षर असतं, पण ते उच्चारत नाहीत. खनिजाच्या नावात मात्र तेच अक्षर 'क्स' होऊन ऐकू येतं. म्हणून गाव 'बो' आणि खनिज 'बॉक्साइट'. मुलांना ही गंमत सांगितली की तो शब्द परीक्षेनंतरही लक्षात राहतो. प्रोव्हान्सच्या जुन्या बोलीत 'बाउ' म्हणजे कड्यासारखा उभा खडक. थोडक्यात, गावाचं नाव म्हणजे 'कडे'. आपल्याकडेही डोंगराच्या आकारावरून नाव पडलेली कितीतरी गावं आहेत, ती मुलांना शोधायला सांगता येतील.

नकाशात शोधायचं असेल तर आधी रोन नदी पाहा. ती भूमध्य समुद्राला मिळण्याआधी तिच्या काठी आव्हिन्यों आणि आर्ल ही दोन शहरं लागतात. त्या दोघांच्या मध्ये, नदीच्या पूर्वेला, आल्पी नावाची पांढऱ्या चुनखडीची छोटी डोंगररांग आहे. उंची कुठेही ५०० मीटरच्या वर नाही. आपल्या सह्याद्रीच्या मानाने टेकड्याच म्हणायच्या! पण आजूबाजूची जमीन इतकी सपाट की त्या टेकड्याही भारदस्त दिसतात. या रांगेतल्या एका सुट्या सोंडेवर ले बो आहे. तिन्ही बाजूंना कडे, खाली ऑलिव्हच्या बागा आणि द्राक्षमळे. स्वच्छ हवा असेल तर गडावरून दूर दक्षिणेला समुद्राची रेघ दिसते.

फोटोत हे सगळं फार देखणं दिसतं. अरुंद दगडी गल्ल्या, फिकट निळ्या-हिरव्या खिडक्या, वर खडकातून उगवल्यासारखे मोडके मनोरे. फ्रान्समध्ये 'सर्वांत सुंदर गावं' निवडणारी एक संस्था १९८२ पासून काम करते. तिच्या यादीत यायचं तर लोकसंख्या दोन हजारांच्या आत हवी आणि गावात किमान दोन संरक्षित स्थळं किंवा वास्तू हव्यात. ले बो त्या यादीत आहे. वर्षाला पंधरा लाखांच्या आसपास माणसं ते पाहायला येतात. येतात, फोटो काढतात, लव्हेंडरचा साबण घेतात आणि जातात.

मुलांना असं ठिकाण दाखवताना, मग ते प्रत्यक्ष असो की वर्गातल्या पडद्यावर, मी एकच प्रश्न आधी हातात देते: हे पडलंय की पाडलंय? मोडकी वास्तू दिसली की आपण "काळाच्या ओघात पडझड झाली" असं म्हणून मोकळे होतो. काळ, ऊन, पाऊस वगैरे. पण काळ भिंत पाडतो ती हळूहळू, वरून खाली, एकेक दगड निसटत. सुरुंगाने उडवलेली भिंत वेगळी दिसते. तिचे मोठमोठे तुकडे जसेच्या तसे, चुना-दगड चिकटलेले, लांब जाऊन पडलेले असतात. ले बोच्या गडावर असे तुकडे दिसतात. तो गड पाडलेला आहे, आणि पाडणारा कुणी परका शत्रू नव्हता. फ्रान्सच्या राजानेच, आपल्याच राज्यातला गड पाडायला लावला.

असं का झालं हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

मध्ययुगात या गडावर 'बो' याच नावाचं सरदार घराणं होतं. येशूच्या जन्मानंतर ताऱ्याचा माग काढत जे तीन ज्ञानी पुरुष त्याच्या दर्शनाला आले, त्यांतल्या बाल्थाझारचे आपण वंशज, असा त्यांचा दावा होता. म्हणून त्यांच्या ढालीवर लाल रंगावर सोळा किरणांचा पांढरा तारा असायचा. दाव्याला पुरावा काही नाही. पण मोठ्या घराण्यांना आपलं मूळ देवाधर्मात नेऊन जोडायची हौस सगळीकडेच दिसते, आणि वंशावळ हा राजकारणाचा भाग कसा असतो हे मुलांना सांगायला हे उदाहरण चांगलं आहे. त्यांच्या ताब्यात ७९ गावं-गढ्या होत्या असं सांगतात. बाराव्या शतकात, ११४४ ते ११६२ या काळात, प्रोव्हान्सवर हक्क कुणाचा यावरून त्यांनी बार्सिलोनाच्या सत्ताधारी घराण्याशी युद्धं केली. हरले, पण गड राहिला.

चौदाव्या शतकाच्या शेवटी घराण्यात एकच मुलगी उरली, तिचं नाव आलिक्स. तिचा पालक होता तिचा नातलग रेमों द त्युरेन. आसपासची गावं त्याला इतकी घाबरायची की तो 'प्रोव्हान्सचा कर्दनकाळ' म्हणूनच इतिहासात राहिला. खंडणी न भरणाऱ्या कैद्यांना तो कड्यावरून उडी मारायला लावायचा, अशी कथा आजही तिथे येणाऱ्यांना सांगतात. कथा किती खरी हा वेगळा प्रश्न. पण कड्याच्या टोकावर उभं राहिलं की ती कुणाला सुचली असेल याचं आश्चर्य वाटत नाही. १४२६ मध्ये आलिक्स वारली आणि घराणं संपलं.

पुढे १४८१ मध्ये सगळा प्रोव्हान्सच फ्रान्सच्या राजाकडे आला, आणि इथे आपल्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं. डोंगरावरचा मजबूत गड सरदाराला हवा असतो. राजाला तो नको असतो, कारण त्यात कुणीही शिरून दरवाजा लावून घेऊ शकतो. अकराव्या लुईने १४८३ मध्येच या गडाची तटबंदी मोडली. सोळाव्या शतकात ती पुन्हा उभी राहिली, गावात श्रीमंत घरं बांधली गेली, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातली धर्मयुद्धंही इथे झाली. मग तेराव्या लुईचा काळ आला आणि त्याचा मंत्री रिशल्यू. कार्डिनल रिशल्यूचं धोरण स्पष्ट होतं. १६२६ मध्ये राजाज्ञा निघाली की जे किल्ले देशाच्या सीमेवर नाहीत त्यांची तटबंदी पाडून टाका. देशाच्या पोटातला किल्ला परक्या शत्रूच्या कामाचा नाही, तो बंडखोराच्याच कामाचा, हा त्यामागचा हिशेब.

आणि झालंही तसंच. राजाचा सख्खा भाऊ गास्तों रिशल्यूच्या विरोधात होता. त्याच्या बाजूच्या लोकांनी ले बोचा आसरा घेतला. राजाच्या सैन्याने वेढा दिला, १६३२ मध्ये गड शरण आला आणि लगेच पाडकाम सुरू झालं. तट, मनोरे, वाड्याच्या भिंती, सगळं. या पाडकामाचा खर्चही गावाच्याच डोक्यावर आला. ही गोष्ट दोन प्रकारे सांगतात. एक, राजाने गावाला शिक्षा म्हणून दंड ठोकला. दुसरं, रोजच्या लढायांना आणि वेढ्यांना कंटाळलेल्या गावकऱ्यांनाच तो गड नको झाला होता, त्यांनीच तो पाडण्याची परवानगी मागितली. इतिहास शिकवणाऱ्यांनी दोन्ही बाजू वर्गापुढे ठेवाव्यात. आपण गडाकडे नेहमी गडावरून पाहतो. गडाखाली राहणाऱ्याला, ज्याच्या घरात दर पिढीला सैनिक घुसत होते, त्याला तो कसा दिसत असेल? आठवी-नववीच्या मुलांना हा प्रश्न घातला की वर्ग चांगला तापतो, आणि तापू द्यावा.

आपल्याकडेही १८१८ नंतर इंग्रजांनी अनेक गडांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, हे मुलांनी सहलीत पाहिलेलं असतं. सत्ता पक्की झाली की जुने गड निकामी करायचे, हा विचार दोन्हीकडे तोच. फरक एवढाच की तिथे तो त्यांच्याच राजाने केला.

पाडून झाल्यावर १६४२ मध्ये राजाने ले बो मोनॅकोच्या ग्रिमाल्दी घराण्याला 'मार्की' या किताबासह बक्षीस दिलं. फ्रेंच राज्यक्रांतीत जमीन गेली, किताब मात्र राहिला. आजही मोनॅकोच्या युवराजाला 'मार्की दे बो' म्हणतात. गावच्या सेंट व्हिन्सेंट चर्चमधल्या रंगीत काचाही विसाव्या शतकात मोनॅकोच्या तिसऱ्या रेनिए यांनी भेट दिलेल्या आहेत.

आता गावातून वर चढू या. आज लोक ज्या मोठ्या दरवाजाने आत येतात तो नवा आहे, एकोणिसाव्या शतकातला. त्याआधी शेकडो वर्षं आत यायची वाट एकच होती: कड्याच्या बाजूचा एग्येर दरवाजा. गर्दीच्या मागे न जाता तो आवर्जून पाहावा. एक अरुंद, उतरती, दगडी वाट. ओझ्याचं गाढव आणि माणूस समोरासमोर आले तर एकाला थांबावंच लागलं असेल.

गल्लीत एका पडक्या घराची नुसती खिडकी उभी आहे. चौकटीवर १५७१ साल आणि अंधारानंतर उजेड येतो अशा अर्थाचे लॅटिन शब्द कोरलेले आहेत. ते प्रोटेस्टंटांचं ब्रीद. घर गेलं, भिंत गेली, खिडकी राहिली. समोरच मांव्हिल घराण्याचा वाडा आहे, तिथे आता गावाची कचेरी भरते. सेंट व्हिन्सेंटचं चर्च बाराव्या शतकातलं, पण त्याचा एक भाग थेट खडक कोरून केलेला आहे. नाताळच्या मध्यरात्री इथे मेंढपाळ कोकरू घेऊन येतात, छोट्या गाडीत बसवून. या भागात मेंढ्या राखणं हा जुना धंदा, म्हणून हा मान मेंढपाळांचा.

वरचा गड सुमारे सात हेक्टरांवर पसरलेला आहे. पाहण्यासारखं सगळ्यात जास्त काय, तर भोकं. हो, भोकंच! इथे निम्मी वास्तू बांधलेली आणि निम्मी खडकात खोदलेली. मोडलेल्या खडकभिंतीवर एका ओळीत चौकोनी खाचा दिसल्या की समजायचं, इथे लाकडी तुळया बसवलेल्या होत्या, म्हणजे इथे माडी होती. उंचावर अधांतरी चुलाण्याची जागा दिसली की तिथे वरच्या मजल्याची खोली होती. एका कड्यात ओळीने लहान लहान कोनाडे खोदलेले दिसतात. मुलं म्हणतील ग्रंथालय, कुणी म्हणेल दिवे लावायची जागा. ते खुराडं आहे, कबुतरांचं. कबुतरं मांसासाठी पाळत आणि त्यांची विष्ठा खत म्हणून वापरत. ज्या खडकावर माती कमी तिथे खताला किती मोल असेल, हे शेतकरी घरातल्या मुलाला वेगळं समजवावं लागत नाही.

दुसरी गोष्ट पाणी. कड्यावर ना विहीर, ना झरा. मग माणसं प्यायची काय? पठाराचा एक मोठा उतार दगड बसवून गुळगुळीत केलेला आहे. पावसाचं पाणी त्यावरून घरंगळत पोटातल्या टाक्यात जातं. आपल्या गडांवरची खोदीव टाकी ज्या मुलांनी पाहिली आहेत, ती हे चित्र पाहून लगेच ओळखतात. बहुतेक पर्यटक मात्र त्या उतारावर बसून वेफर्स खातात.

पठारावर पवनचक्कीचे अवशेष आहेत. उत्तरेकडून रोनच्या खोऱ्यातून 'मिस्ट्राल' नावाचा थंड, कोरडा वारा सुटतो आणि कधीकधी दिवसेंदिवस थांबत नाही. तोच वारा इथे गहू दळायचा. वेढ्यात वापरायच्या दगडफेकी यंत्रांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृतीही इथे उभ्या केल्या आहेत. मुलं अर्थातच त्यांच्यापाशीच रमतात. रमू द्यावं. तरफेचा नियम पुस्तकात पट्टी आणि खोडरबराने शिकवतो, तोच इथे दुमजली घराएवढा उभा आहे. एका टोकाला जड पेटी, दुसऱ्या टोकाला लांब दांडा आणि गोफण. टेकू मध्यभागी का नाही, हा प्रश्न विचारायला विसरू नका.

आता आपल्या बॉक्साइटकडे वळू. १८२१ मध्ये प्येर बेर्त्ये नावाच्या खाणतज्ज्ञाने या गावाजवळचा लाल दगड तपासला. रंगावरून लोखंडाचं खनिज वाटावं असा दगड. पण त्यात ॲल्युमिनियमचं प्रमाण फार निघालं. पुढे या खनिजाला गावाचं नाव पडलं. फार जुन्या काळी, डायनोसॉर होते तेव्हा, इथलं हवामान उष्ण आणि दमट होतं. पावसाने खडकातली विरघळणारी द्रव्यं वाहून नेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिलं. आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावर बेसाल्टचा जांभा आणि बॉक्साइट होतं तेही अशाच झिजेने. फक्त इथे खाली काळा बेसाल्ट, तिथे पांढरी चुनखडी. एकाच धड्यात दोन ठिकाणं जोडता येतात.

तो दगड सापडला तेव्हा त्यातून धातू काढायची सोपी रीत नव्हती. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू, दोघांनी स्वतंत्रपणे विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम वेगळं करण्याची पद्धत शोधली. दोघंही तेव्हा तेवीस-एक वर्षांचे तरुण! तोवर जो धातू दागिन्यासारखा मिरवत, त्याची पुढे भांडी झाली. ले बोला आता बॉक्साइटच्या खाणी चालत नाहीत. गावाजवळ पांढऱ्या बांधकामाच्या दगडाच्याही खाणी होत्या, डोंगराच्या पोटात देवळाच्या मंडपासारख्या उंच कोरलेल्या. त्या बंद पडल्यावर आता २०१२ पासून तिथे 'कार्येर द ल्युमिएर' म्हणजे 'प्रकाशाच्या खाणी' नावाचं प्रदर्शन चालतं. मोठ्या चित्रकारांची चित्रं प्रकाशाने भिंतींवर, जमिनीवर, छतावर पसरवतात. व्हॅन गॉगची चित्रंही इथे दाखवली गेली आहेत, आणि ते योग्यच आहे. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, दहाएक किलोमीटरवर सां-रेमी गाव आहे. तिथल्या मनोरुग्णांच्या आश्रमात तो मे १८८९ पासून एक वर्ष राहिला. 'तारांकित रात्र' त्याने तिथेच रंगवलं. त्याच्या चित्रांतले वळणारे डोंगर याच आल्पी रांगेतले आहेत.

भाषाशिक्षकांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. प्रोव्हान्सची स्वतःची भाषा होती, प्रोव्हान्साल. शाळांतून फ्रेंच आली आणि ती मागे पडत गेली. फ्रेदेरिक मिस्ट्राल (वाऱ्याचं आणि त्याचं नाव सारखंच) याच परिसरातला कवी. त्याने जन्मभर याच भाषेत लिहिलं, तिचा मोठा शब्दकोश केला आणि १९०४ मध्ये साहित्याचं नोबेल मिळवलं. तरीही आज गल्लीत प्रोव्हान्साल क्वचितच कानावर पडते.

आणि गावात ऐकायला आहे तरी कोण? एकेकाळी इथे काही हजार माणसं राहायची. आज खालच्या वस्त्या धरूनही लोकसंख्या चारशेच्या आत आहे, आणि वरच्या जुन्या गावात तर मोजकीच घरं राहती आहेत. बाकी दुकानं, खानावळी, दालनं. गाव इतकं जसंच्या तसं का राहिलं याचं कारणही यातच आहे. १६३२ नंतर इथली सत्ता गेली, पैसा गेला, माणसं पोटापाण्यासाठी खाली सपाटीवर उतरली. जुनं पाडून नवं बांधायला कुणाकडे ऐपतच उरली नाही. आपल्याला जे 'चित्रासारखं' वाटतं ते बऱ्याच अंशी त्या ओसाडपणामुळे टिकलं आहे. पुढे पर्यटक आले आणि त्यांनी त्या भिंतींना नवी किंमत दिली. दूध, भाजी, शाळा यांसाठी लोकांना खालीच जावं लागत असेल, तर ते गाव जगलं म्हणायचं की जपून ठेवलं म्हणायचं, यावर शिक्षकांचंही एकमत होणार नाही.

परदेशातल्या नातेवाइकांकडे जाताना कुणी पालक मुलांना इथे नेणार असतील तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा जा. दुपारी पांढऱ्या दगडावरचं ऊन डोळ्यांना सोसत नाही आणि गडावर सावली जवळजवळ नाहीच. बूट घट्ट पकडीचे हवेत, जुन्या पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. लहान मुलाचा हात सोडू नका.

जाणं शक्य नसेल तर वर्गात गावाचे आणि गडाचे चार-पाच फोटो पुरतात. प्रत्येक फोटोवर मुलांनी तीन खुणा करायच्या: जिथे तुळई बसत होती तिथे गोल, जिथून पाणी वाहत होतं तिथे बाण, आणि जिथली भिंत पडली नाही, पाडली आहे असं वाटतं तिथे फुली. फुलीपाशी "कशावरून?" हे एका ओळीत लिहायचं. दोन मुलांच्या फुल्या वेगळ्या ठिकाणी आल्या, तर दोघांना समोरासमोर बसवा आणि तुम्ही गप्प राहा.